माझी खिकडी, तुझं पुस्तक

प्रिय ताई,

आज सकाळी इथे अमेरिकेत, आमच्या ॲशबर्नच्या लायब्ररीतून फोन आला. शनिवारी लहान मुलांना तुझं पुस्तक वाचून दाखवायचंय, 'लेखिकेची बहीण' म्हणून मी येईन का? मी नाही म्हणून टाकलं. तुला जाऊन दीड महिना झाला, तरी माझी ओळख तीच! तुझ्याशी भांडायचं राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले.

शाळेत कविता म्हणायचे ती मी, आठवतंय? बक्षिसं माझी, टाळ्या माझ्या. तू मागच्या बाकावर नखं खात बसायचीस. मग लग्न होऊन कॅनडात विनिपेगला गेलीस, तिथल्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची नोकरी धरलीस आणि बर्फाला कंटाळून कविता लिहायला लागलीस. पहिल्या संग्रहाला कोणी फारसं विचारलं नाही. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं होतं.

मग मुलांसाठीचं इंग्रजी पुस्तक आलं. आणि त्याचं नाव 'खिकडी'!

अगं, तो शब्द माझा होता! चार वर्षांची असताना मला खिडकी म्हणता यायचं नाही. "ताई, खिकडी उघड," म्हणायचे आणि सगळं घर हसायचं. तुझ्या पुस्तकातली मुलगी बर्फाने गच्च झालेली खिकडी उघडते आणि पलीकडे तिला आजोळचं अंगण दिसतं. तिकडच्या शाळांमधून नाना देशांची पोरं 'खिकडी, खिकडी' ओरडायला लागली. फोनवर तू हसत म्हणालीस, "सुमे, तुझा शब्द चोरला हं!" मी म्हटलं, "घे गं, मला काय करायचाय!" फोन ठेवला आणि रडले.

तुला ते मोठं बक्षीस मिळालं तेव्हा समारंभाला यायला सुट्टी मिळत नाही म्हणून कळवलं. मी मागितलीच नव्हती. पुढे तुझी पुस्तकं येतच राहिली. दर वेळी अभिनंदनाचा मेसेज केला आणि दर वेळी पोटात दुखलं. तू कधीच कसं ओळखलं नाहीस? की ओळखून गप्प बसलीस?

इथवर लिहिलं आणि भावोजींचं पार्सल आलं. तू शाळांमधून वाचायचीस ती प्रत, कोपरे पार झिजलेली. माझ्या रियाने उघडली आणि ओरडली, "मॉम, युअर नेम इज एव्हरीव्हेअर!" जिथे जिथे खिकडी आहे, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलंयस: 'थांब. सुमीसारखं म्हण.'

"से इट ना, मॉम! हाऊ डिड यू से इट?"

मी तीनदा म्हणून पाहिलं. नुसताच चुकलेला शब्द बाहेर आला. चार वर्षांची मी कशी बोलायचे, ते मला कुठून आठवणार? ते तुला ठाऊक होतं. आणि तुझ्या तोंडून ऐकलेल्या त्या पोरांना. ताई, आता मला त्या पोरांचा हेवा वाटतोय.

लायब्ररीला फोन करून येते म्हणून सांगितलंय. तुझ्या वाचनाचा एक व्हिडिओ भावोजींनी मागेच पाठवला होता. मी हट्टाने उघडला नव्हता. आज उघडणार. शनिवारी लेखिकेची बहीण म्हणून त्या खुर्चीत बसणार, तू सांगितलंयस तिथे थांबणार, आणि माझा शब्द तुझ्याकडून शिकून म्हणणार.

तुझी,
अजून थोडी जळणारी
सुमी