कंट्रोलची नळी का चमकली

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. तुम्ही गेलात तेव्हा लॅबमधले सगळे तुमच्या घरी जाऊन आले, मी आले नाही. लोकांनी नावं ठेवली असतील, ठेवू देत. तुम्ही मला चारचौघांत जे बोललात ते ऐकायला तेच सगळे होते, आणि तेव्हा एकाचंही तोंड उघडलं नव्हतं. आज लिहायला बसले, कारण परवा मला त्या दिवसाचं उत्तर सापडलं आणि ते ऐकायला तुम्ही नाही. हीसुद्धा तुमची खोडच. ऐकायची वेळ आली की तुम्ही कधीच जागेवर नसायचात.

चाकणला कांद्याच्या मार्केटच्या पुढं, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांच्या मधे आपली ती एवढीशी लॅब. एकाच पेशीच्या वंशातून निघालेली, म्हणून एकाच खुणेला चिकटणारी अँटीबॉडी आपण तिथं बनवत होतो. उंदराच्या प्लीहेतल्या हजार तऱ्हेच्या पेशींतून नेमक्या टी-पेशी शोधून द्यायच्या, एवढंच तिचं काम. तिला हिरवा रंग जोडलेला. पेशींना लावायची, मग मशीनच्या निळ्या लेझरखालून पेशी एकेक करून सोडायच्या; जिला अँटीबॉडी चिकटली ती हिरवी चमकणार. बाहेरून आणायची तर महिनोन्‌महिने वाट बघावी लागायची, म्हणून ही आपली स्वतःची पहिली बॅच. मी तेव्हा वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. बॅच पास झाली की मी परमनंट, हे तुम्हीच मला कंपनीच्या बसमध्ये सांगितलं होतंत.

शिकवलंत मात्र कडक. थेंब मोजून नळीत सोडायचं पिपेट हातात घ्यायच्या आधी स्पिरिटनं पुसायचं, रोज, न चुकता. आणि कंट्रोलची नळी लावल्याशिवाय मशीनकडं फिरकायचंसुद्धा नाही. त्या नळीत पेशी त्याच, बाकी सगळं तेच, फक्त अँटीबॉडी नाही. ती नळी अंधारी राहिली पाहिजे. ती चमकली तर बाकीच्या नळ्या कितीही सुंदर दिसल्या तरी कचऱ्यात. मी आजही हेच करते, आणि दर वेळी तुमचा आवाज कानात येतो, त्याचाही मला राग येतो.

खंडेनवमीचा दिवस. शेजारच्या कंपन्यांत सकाळपासून पत्रा दाबायच्या प्रेसला, लेथला झेंडूचे हार. "आपण काय पाप केलंय?" म्हणालात आणि स्वतः ताट घेऊन आलात. मशीनला हार, सेंट्रिफ्यूजला कुंकू, फ्रिजलासुद्धा. मग खिशातून एक नवं कोरं पिपेट काढलंत. पांढऱ्या टेपवर माझं नाव, तुमच्या अक्षरात. आपल्याकडं स्वतःच्या नावाचं पिपेट फक्त परमनंट माणसाला. कालवलेल्या हळदीचं एक बोट तुम्ही त्याच्यावर ओढलंत, नावाला लागून थेट खाली टोकापर्यंत, आणि म्हणालात, "हे तुझं. बॅच तूच लाव." स्टँडवर ते माझं एकटंच पिपेट, कारण बाकीच्यांची त्यांच्या त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. तुमचंही.

दसऱ्याची सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी बॅच लावली. आणि कंट्रोलची नळी चमकली.

तुम्ही स्क्रीनकडं बघितलंत, मग माझ्याकडं. "कंट्रोलमध्ये अँटीबॉडी घातलीस?"

"नाही सर."

"मग काय, उंदीर मनानं चमकायला लागला?"

सगळे हसले. मी म्हटलं, "सर, शप्पथ नाही घातली." मग तुम्ही ते वाक्य बोललात. "बाप प्रेसवर ना तुझा? त्या हातांना नटबोल्टच बरे. हे काम नाजूक आहे." अहो, जिभेला काही हाड? तेवढ्यावर भागलं नाही. ड्रॉवरमधून तुमचं पिपेट काढलंत, माझ्यादेखत सगळं पुन्हा लावलंत, आणि तुमची कंट्रोलची नळी काळी कुळकुळीत. झालं, सिद्ध झालं! वहीत लाल शाईनं लिहिलंत, 'चूक: काम करणारीची', आणि खाली माझी सही घेतलीत. मी केली सही.

पुढचे महिने उंदरांच्या पिंजऱ्यांतला भुसा बदलत काढले, मग कॉन्ट्रॅक्ट संपलं. वडिलांना, अण्णांना, काही सांगितलं नाही, पण ते लातूरकडचे, गप्प माणूस, चेहरा वाचायचे. "सायबानं काय म्हणलं गं?" म्हणाले. शेवटी नटबोल्टचं सांगितलं. भोसरीच्या प्रेसशॉपमध्ये दोन बोटांची पेरं घालवलेला हात त्यांनी मांडीवर उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझा एक पीस रिजेक्ट न्हाई झाला." तुम्हाला मी बाकी सगळं एक वेळ सोडून देईन, सर, हे नाही सोडणार.

आता मी तळेगावला आहे, लॅब माझ्याच हाताखाली. यंदा खंडेनवमीला आमच्या इथल्या नव्या मुलीनं ताट आणलं आणि माझ्या पिपेटकडं हळदीचं बोट नेलं. मी ओरडलेच, "थांब!" का ओरडले ते मला त्या क्षणी कळलं नाही. दसरा झाल्यावर एका नळीत उंदराच्या पेशी घेतल्या, अँटीबॉडीचा थेंब नाही, फक्त नखाच्या टोकावर मावेल एवढी हळद. मशीनला लावली. स्क्रीनवरच्या आलेखाचा डोंगर चमकेच्या बाजूला, उजवीकडं सरकत सरकत गेला आणि जिथं तेव्हा उभा होता तिथंच येऊन उभा राहिला. निळ्या लेझरखाली हळद हिरवी चमकते, सर! तुम्ही पिपेटवर ओढलेल्या त्या बोटाची वाळलेली हळद माझ्या नळ्यांत झडत होती, आणि तुमचं पिपेट कुलपात सुखरूप होतं. कंट्रोलवर एवढं कीर्तन करणारे तुम्ही, माझंच पिपेट तुमच्या हातात घेऊन एकदा तरी लावून बघायचं होतंत. पाव तासाचं काम होतं. पण माझ्यावर विश्वास न ठेवायला तुम्हाला पाव तासही लागला नाही.

त्या आलेखाची प्रिंट काढली आहे. प्राधिकरणात तुमचं घर अजून आहे, काकू तिथंच असतात. पाकीट आणलं, त्यावर पत्ताही लिहिला. पण हे जाणार नाही. काकूंना वाईट वाटेल म्हणून नाही, तेवढी मी मोठ्या मनाची नाही. तुम्ही असतात तर सगळं ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला असतात, आणि त्याचं खरं उत्तर मला द्यावं लागलं असतं. पिपेट पुसलं होतंस का?

नव्हतं पुसलं. त्या दिवशी स्पिरिटचा बोळा हातात घेतला होता, अगदी टेपपर्यंत नेला होता. मग परत ठेवून दिला. माझ्या नावाला लागून तुमचं बोट ओढलेलं होतं, सर. मला ते पुसवलं नाही.