बरोब्बर सहाले

धानोरा, मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलं माझं. इथल्या वनोपज केंद्राच्या सर्व्हरवरचे तिन्ही कंटेनर, म्हंजे नोंदीचे प्रोग्राम ज्यात चालतात ते, रोज संध्याकाळी बंद पडून राह्यले, बरोब्बर सहाले. सकाळी मी एकेक हातानं सुरू करतो, तोवर मोहफुलं घेऊन आलेल्या बाया नोंदीसाठी खोळंबतात. तीन दिवस मेमरी वाढवून पाह्यली, सेटिंग बदलून पाह्यलं. काही फरक नाई!

आज सहाले तिथंच ठाण मांडलं. आमचे जुने शिपाई रहीमभाई आले आन सरळ सर्व्हरचं बटणच बंद केलं.

"भाई, हे काऊन?"

"दिवसभर राबते बिचारी, गरम होते. सकाळी लावतो ना मी."

"पण सांगतलं कोणी तुमाले?"

"तुमीच तर. पयल्याच दिवशी बोलले, मशीन गरम होऊ देऊ नका."

बोललो होतो खरं.