टायमर अडकलाय, एवढंच

३ मार्च, सकाळ

आजपासून कॅमेरा दुरुस्त करणार. आठवड्यात होईल. बिघाड किरकोळ आहे. टायमरची दांडी अर्ध्यावर अडकली आहे, त्यामुळे बटण दबत नाही आणि रीळ पुढे सरकत नाही. बाकी कॅमेरा उत्तम.

हे निवृत्त झाल्यावर जुन्या सामानाच्या दुकानातून तो घेऊन आले आणि दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. माझे, त्यांच्या बहिणीचे, जिन्याचे, मांजराचे. स्वतः एकातही नाहीत. शेवटी मीच म्हटलं, अहो, एकदा तरी माझ्या शेजारी उभे राहा. मग टायमर लावला, बटण दाबलं आणि धावत आले. घर्र आवाज झाला, मग क्लिक. मी ऐकला. त्याच महिन्यात हे गेले.

तो फोटो आत आहे. दोघांचा. तो बाहेर काढायचा आहे, एवढंच काम.

३ मार्च, दुपार

स्क्रू निघत नाहीत. स्क्रू-ड्रायव्हर मोठा आहे. उजेडही कमी. उद्या.

५ मार्च

वाचनालयातून घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचं पुस्तक आणलं. शाळा सातवीत सुटली, पण वाचन कधी सुटलं नाही. पुस्तकात असेल ते मला समजतं. कॅमेऱ्यावर प्रकरण नाही. घड्याळावर आहे. टायमर म्हणजे तरी काय, घड्याळच. दोनदा वाचलं. आता सगळं लक्षात आलं.

नणंद खालच्या मजल्यावर राहते. बातमी लागल्यासारखी वर आली. म्हणाली, "वहिनी, आधी भिंतीवरचं घड्याळ चालू कर. किती महिने झाले, तुझ्या घरात सव्वासातच वाजलेत." मी म्हटलं, त्याचा सेल गेलाय, तो वेगळा विषय.

८ मार्च

फक्त मत घ्यायला म्हणून कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला म्हणाला, "काकू, दोन मिनिटांचं काम. रीळ उलटं गुंडाळून काढून देतो. आधीचे सगळे फोटो वाचतील. शेवटचा मात्र विसरा. टायमर मध्येच थांबलाय, म्हणजे शटर उघडलंच नाही. तो फोटो निघालेलाच नाही."

मी म्हटलं, क्लिक मी ऐकलाय. तो म्हणाला, "दुसरं काही वाजलं असेल." माझ्या लेकीहून लहान मुलगा, मला काय ऐकू आलं ते मला सांगतो! कॅमेरा उचलला आणि निघाले.

माझं मत असं: फोटो निघालाय, पण दाराशीच अडकलाय. जबरदस्तीने मागे ओढला तर पुसला जाईल. कॅमेऱ्याने आपणहून सोडला पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात सापडलं नाही, पण उघड आहे.

नणंद जिन्यात भेटली. "दे की त्याला. निघाला असेल तर निघेल." मग दोन पायऱ्या उतरून, "आधी निघालेला असला पाहिजे म्हणा!"

हिला कॉपी द्यायची नाही.

देईन. तिचाही भाऊच होता.

११ मार्च, सकाळ

उपाय सापडला. डोळ्यांसमोर होता. इतकी वर्षं शिलाई मशीन चालवलं, मेकॅनिकला उंबरा ओलांडू दिला नाही. मशीन अडलं की तेल. दांडीच्या फटीत दोन थेंब सोडले. फरक नाही. आणखी थोडं सोडलं. मुरायला वेळ द्यायचा असतो.

११ मार्च, संध्याकाळ

तेल मुरत मुरत लेन्समध्ये उतरलं. कॅमेऱ्यातून पाहिलं तर खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसते.

लेकीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "आई, किती थेंब?" म्हटलं, दोन. "खरं सांग." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "बाबांचे दुसरे फोटो आहेत ना गं?"

आहेत. एक ओळखपत्रावरचा, एक लग्नातला. लग्नातल्यात आमची ओळखही नव्हती.

१३ मार्च

आज हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. लावला. केसांच्या पिनेने दांडी ढकलून पाहिली. पिन मोडली. तुकडा आत गेला. किंवा बाहेर पडला असेल. जमिनीवर सापडला नाही, पण मी नीट शोधलंच कुठे.

बटण दाबून दाबून अंगठा दुखतोय. आत माणूस असून कुणी दार उघडत नाही, तसं वाटतं.

एकदा चुकून मोठ्याने हाक मारली. अहो, हे कसं करायचं?

१६ मार्च

तेल सुकायला म्हणून कॅमेरा खिडकीत उन्हात ठेवला, लेन्स वर करून. धातू चांगला तापला. मी भाजी निवडत होते. अचानक घर्र.

तोच आवाज. धावले. वाकून पाहते तर दांडी आपोआप सरकतेय, म्हातारा माणूस जिना उतरतो तशी, टेकत टेकत. मी ओरडले, चाललाय, चाललाय!

आणि क्लिक.

एवढा खणखणीत क्लिक त्या दिवशी झाला नव्हता.

१६ मार्च, संध्याकाळ

त्या दिवशी घर्र थांबलं होतं. मग हे म्हणाले, "झाला वाटतं." मी म्हटलं, झाला.

झाला नव्हता. अर्धा टायमर तेव्हा संपला, उरलेला आज.

कॅमेरा स्टुडिओत देऊन आले. त्याने पिनेचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

२४ मार्च

फोटो आले. चांगले आलेत. जिना. मांजर. तोंडात घास असलेली नणंद. मोरीपाशी मी, पाठमोरी; हा कधी काढला कळलंही नाही. हे कशातच नाहीत.

शेवटचा माझा. एकटीचा. तेलाने धुरकट, चष्मा कपाळावर, तोंड उघडं, हातात भाजीची काडी, डोक्यामागे पंखा.

नणंद एकेक फोटो बघत त्याच्यावर थांबली. तिला हसू आवरेना. "अगं वहिनी, हा कुणी काढला? हात बांधून ठेवायला हवेत त्याचे!"

म्हटलं, तुझ्या भावाने.