तारांची सावली

आप्पा,

तुमची गिटार विकत घ्यायला काल एक माणूस आला होता. कतारगामचा, हिऱ्यांच्या धंद्यातला. गाडी आमच्या गल्लीत मावेना म्हणून नाक्यावर लावून चालत आला, आणि नीट बसण्याआधीच खिशातून हिरा पारखायचं भिंग काढून गिटारीच्या पुढच्या फळीवर वाकला. बराच वेळ वाकून होता. तारेला त्याने बोटसुद्धा लावलं नाही. मी चहा टाकायला आत गेले आणि गॅससमोर उभी राहून एकटीच हसले, कारण तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मला तुमचा सख्खा भाऊ सापडला होता. सुरतेत कानाने कोणी काही विकत घेत नाही, हे तुमच्यामुळे मला लहानपणीच कळलं होतं. तो माणूस गेला, कप विसळून ठेवले आणि आज लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा भांडायची सोय नव्हती, निदान आता तरी तुम्ही मधे उठून जाणार नाहीत.

आपल्याकडे स्कूटर यायची होती. हे मला पक्कं आठवतं, कारण मागे माय बसणार की मी, यावरून आमचं भांडणसुद्धा होऊन गेलं होतं. गोडादऱ्याहून पलसाण्याला मिलच्या बसने जाणारे रंगमास्तर तुम्ही एकटेच उरला होतात. बाकीचे सगळे गाडीवाले झाले होते. आणि एका संध्याकाळी तुम्ही रिक्षातून उतरलात ते एक लांबडी काळी पेटी मांडीवर घेऊन. माय पिठाच्या हातांनी दारात आली. "गाडी लेवाले ग्यात नि हाई काय लई उनात?" तुम्ही पेटी खाटेवर ठेवलीत, मोरीत जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतलेत, नखांतला निळा रंग निघेना म्हणून पुन्हा धुतलेत, आणि मग पेटी उघडलीत. आत गिटार होती. आमच्यापैकी कुणी तोवर गिटार हातभर अंतरावरून पाहिलेली नव्हती.

ती शेठच्या मुलाची होती. तो अमेरिकेत शिकायला गेला, तिथून ती घेऊन आला, लग्न झालं, मार्केटमध्ये गादीवर बसायला लागला आणि गिटार बंगल्यातल्या कपाटावर जाऊन पडली. तुम्ही शेठला साडीच्या नव्या शेड दाखवायला बंगल्यावर गेला होतात तेव्हा तिच्यावर तुमची नजर पडली. पुढचं तुम्हीच आम्हाला कितीदा तरी सांगितलंत, आणि दरवेळी अभिमानाने. शेठ म्हणाला, "मास्तर, आनुं तमे शुं करशो?" तुम्ही म्हणालात, "जोईश, शेठ." बघत बसेन. माझा बाप वाद्य विकत घ्यायला गेला आणि मी ते बघत बसेन असं सांगून आला, आणि त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

बघण्यासारखी होती, नाही म्हणत नाही. बाजू आणि पाठ शिसवाची, काळपट तांबडी. आपल्याच देशातलं लाकूड अमेरिकेची वारी करून साहेब होऊन आलेलं. पण तुमचा जीव होता पुढच्या फळीवर. ती कुठल्याशा थंड मुलखातल्या झाडाची, ताज्या लोण्याच्या रंगाची, आणि तिचा रंग दरवर्षी उजेडाने पिकत जातो, लोण्याचा तुपाकडे जातो, हे शेठच्या मुलाने तुम्हाला सांगितलं होतं. त्याने ते सांगायला नको होतं. ज्या माणसाने जन्मभर भट्टीत रंग उकळून कापडावर बसवला त्याला न टाकता चढणारा रंग भेटला. "पोरी, हाऊ रंग कोन्हीच टाकेल नही. आपला आपलाच चढस." असं म्हणताना तुमचा आवाज असा व्हायचा की मला शेजारच्यांची लाज वाटायची.

मग त्या गिटारीचा संसार सुरू झाला. शेड उत्तरेच्या उजेडातच बघायची, ट्यूबलाइट खोटं बोलते, हा तुमचा मिलमधला नियम घरात आला. उत्तरेच्या खिडकीतून मायचं लोणचं हललं आणि तिथे गिटार बसली. दर रविवारी तुम्ही तिला थोडी फिरवायचात, म्हणजे रंग सगळीकडे सारखा चढावा. मिलमधून कापडाचे रंगवलेले तुकडे आणून फळीशेजारी धरायचात आणि एक डोळा मिटून मान हलवायचात. तुमचे मित्र मास्तर लोक यायचे, मुलगी बघायला यावं तसे ओळीने बसायचे, पोहे खायचे आणि म्हणायचे, वा, शेड काय बसली आहे. कुणाला वाटलं नाही की एकदा वाजवून बघावं. मायनेच एकदा चहा देता देता विचारलं, "हाई वाजस का नुसती दिखस?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत.

आणि एक दिवस मी शाळेतून आले तर गिटारीला तारा नाहीत. सगळ्या काढून, गुंडाळून, डब्यात ठेवलेल्या. मी विचारलं तर तुम्ही मलाच अडाणी ठरवून सांगितलंत, "तारेसनी सावली पडस. पट्टे उठतीन." ज्या तारांसाठी ती गिटार जन्माला आली त्या तारा तुम्ही रंगात सावली पडते म्हणून काढल्यात. आप्पा, मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले, पण इतक्या काळजीने केलेला मूर्खपणा पुन्हा पाहिला नाही.

मला गिटार शिकवली ती आपल्या मागच्या चाळीतल्या अकोल्याकडच्या मास्तरांनी. ते वर्षभर साडीच्या दुकानात घड्या घालायचे आणि नवरात्रात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यांची गिटार प्लायवूडची, एका बाजूने फुगलेली. तीच मांडीवर घेऊन मी शिकले, आजूबाजूला लूमचा खडखडाट, आणि ज्या वारी वीज बंद म्हणून लूम थांबायचे त्या वारी ते मुद्दाम बोलवायचे, कारण त्या दिवशी स्वतःचं वाजवलेलं ऐकू यायचं. त्यांना मीच आपल्या घरी आणलं. त्यांनी फळीवर बोटाच्या पेराने टकटक केली, आत वाकून वास घेतला, आणि मग बिनतारांच्या खुंट्या बघून खालीच बसले. "तारा काहून काढल्या हो? मान मागं वाकते ना अशानं." तुम्ही रंगाचं सांगितलंत. ते म्हणाले, "रंगाचं काय घेऊन बसले. हे अस्सल लाकूड आहे, वाजवल्याबिगर उघडत नाही. पयले आयकते, मंग बोलते. ह्या पोरीले रोज वाजवू द्या, पाहा कशी बोलते ते." तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुम्ही आवाजाचं बघा, मी रंगाचं बघतो." जसं काही गिटारीच्या दोन शिफ्ट होत्या. मी दारात उभी होते. दात माझ्याकडे होते आणि चणे तुमच्या खिडकीत उजेड खात बसले होते.

कॉलेजच्या युवक महोत्सवात मला एकटीला वाजवायला मिळालं तेव्हा मी पहिल्यांदा आणि शेवटचं तुमच्याकडे काही मागितलं. आठवडाभर घरात अबोला झाला. तुमचं एकच, "तुना हातना घाम लागी. डाग पडी." कोपर जिथे टेकतं तिथे फळी काळी पडते, आणि एकदा पडली की ती शेड परत येत नाही. तुम्ही मला मुलगी म्हणून बघतच नव्हतात त्या दिवसांत, मी घामाचा एक हात होते. मी रडले, मायने तुम्हाला बोल लावला, काही फरक पडला नाही.

आणि महोत्सवाच्या दिवशी मी स्टेजच्या मागे कॉलेजची गिटार लावत बसलेली असताना तुम्ही येता. अजून दिसतं मला. मिलमधून तसेच आलेले, शर्टावर निळे शिंतोडे, हातात ती काळी पेटी. पेटी उघडली तर गिटारीला तारा चढवलेल्या. अकोल्याच्या मास्तरांकडून तुम्ही गुपचूप चढवून घेतल्या होत्या. मला इतका आनंद झाला की तुमच्या पाया पडावंसं वाटलं. मी ती मांडीवर घेतली, एकदाच बोटं फिरवली, आणि आजूबाजूच्या मुली बोलायच्या थांबल्या. आवाज बंद खोलीतून यावा तसा होता, पण खोली मोठी आहे हे कळत होतं. तेवढ्यात तुम्ही खिशातून एक पांढरं सुती फडकं काढलंत, मायकडून चारी बाजू दुमडून शिवून घेतलेलं. "हाई कोपरखाले ठेव." मी म्हटलं, फळीवर कापड टाकलं तर आवाज दबतो. तुम्ही तसेच हात पुढे करून उभे. मुली बघत होत्या, एकीने तोंडावर ओढणी धरली होती. मी म्हणाले, "फडकं कशाला? मी इथे भांडी घासायला आलेय का?" तुम्ही फडकं पेटीच्या कप्प्यात टाकलंत. मग म्हणालात, "मंग नही." माझ्या मांडीवरून गिटार उचललीत, पेटीत ठेवलीत, कड्या लावल्यात आणि बस पकडायला निघून गेलात. माझं ऐकायलासुद्धा थांबला नाहीत. मी कॉलेजच्या खोक्यावर वाजवलं. बक्षीस माउथ ऑर्गनवाल्या मुलाला गेलं. दुसऱ्या दिवशी घरी बघितलं तर गिटार खिडकीत होती आणि तारा परत डब्यात.

त्या दिवसानंतर मी तुम्हाला मनातून काढून टाकलं. तोंडावर काही बोलले नाही, आपल्याकडे बोलत नाहीत, पण तुम्ही खिडकीजवळ उभे असलात की मी त्या खोलीतून उठून जायचे. पुढे मिलमध्येच तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी डब्यातल्या गंजलेल्या तारा फेकल्या, नव्या आणून चढवल्या आणि मायच्या देखत वाजवायला बसले. सूड म्हणूनच बसले. रंग अप्रतिम पिकला होता, आप्पा, मधासारखा, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा. आणि आवाज कोवळा, कच्चा, अडलेला. मान जराशी मागे गेलेली. तुम्ही वर्षानुवर्षं राबून अर्धीच गिटार पिकवलीत, आणि तीही जिचा गिटारीला काही उपयोग नाही ती अर्धी. माय म्हणाली, "व्हयनं का तुनं समाधान?" माझं समाधान झालं नव्हतं.

तर कालचा माणूस. भिंग खिशात घालून तो मला सांगू लागला की त्याच्या घरी गिटारींची वेगळी खोली आहे, काचेची कपाटं, हवा किती दमट ते दाखवणारं यंत्र, रात्रंदिवस एसी. एकेकीचं कुळ-गोत्र सांगितलं, लाकूड कुठलं, वर्ष कुठलं, आधीचा मालक कोण. मी विचारलं, यातलं वाजवतं कोण? तो जरा गोंधळला. "वगाडवा माटे बीजी राखी छे, सादी," म्हणाला. वाजवायला वेगळी, साधी. मग तुमच्या गिटारीकडे बोट करून म्हणाला, "आ तो कोरी छे, बेन. कोणी पासे डाघ नथी. कोईए वगाडी ज नथी." कोपराजवळ डाग नाही, म्हणजे कुणी वाजवलीच नाही. एवढ्यावर निकाल देऊन मोकळा झाला. भिंग घेऊन आलेल्या माणसाने मानेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिथल्या तारांखालच्या धातूच्या पट्ट्यांना माझ्या बोटांनी खळगे पडले आहेत, एकदा सगळ्या बदलून झाल्या, त्या नव्याही झिजल्या. तुम्ही गेल्यापासून ती गिटार घरात रोज वाजते. अकोल्याचे मास्तर खोटं बोलले नव्हते, ती उघडली, फार वेळ लावून उघडली, आणि आता खर्जाची तार नुसती छेडली तरी माझ्या छातीच्या हाडात घुमते. तुम्ही ते ऐकलं नाहीत. ऐकून तुम्हाला काही कळलं असतं असंही मला वाटत नाही.

मी त्या माणसाला वाजवून दाखवणार होते, पण तोवर तो चेकबुक काढत होता, म्हणून नाही दाखवलं. विकायची नाही एवढंच सांगितलं. त्याला वाटलं मी भाव वाढवते आहे. बाई, पुन्हा येईन म्हणाला. येऊ दे.

हे पत्र ठेवणार कुठे ते ठरवलेलं नाही, बहुधा गिटारीच्या पेटीतच राहील. पेटीच्या कप्प्यात त्याच्या शेजारी जे असेल ते मात्र तुम्हाला सांगायला हवं, कारण त्या हिरेवाल्याने विचारलं नाही आणि मीही त्याला सांगितलं नाही. मायने शिवलेलं ते फडकं केव्हाच विरलं. त्यानंतरची मीच शिवते, पांढरं सुती, चारी बाजूंनी दुमडून. रोज वाजवायला बसताना कोपराखाली घालते. आवाज थोडा दबतो.