तिसरं पोतं

१२ जानेवारी, रविवार

अश्वजितचा पाव आला! पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. फाट्यावरून आणताना गोविंदाने दोनदा खोका उघडून पाहिला म्हणे. वजनावरून त्याला वाटलं, चुकून दुसऱ्या कोणाचं पार्सल आलं. (लोकांसमोर 'अहो', पण इथे गोविंदा. नवऱ्याचं नाव घ्यायला मला ही वही पुरते.)

वरचं कवच इतकं टणक की विळी चालेना. सासूबाईंनी बोटाने वाजवून पाहिला. 'हा पाव हाय का इटीचा तुकडा? अन् जळला तं!' शेवटी गोविंदाने नारळ फोडायचा कोयता आणला. आतून मात्र मऊ, जाळीदार, जरासा आंबूस. मला आवडला. लेकीने, छकुलीने, गूळ लावून खाल्ला. सासूबाईंनी चहात बुडवून तीन तुकडे संपवले आणि म्हणाल्या, 'यानं काई पोट नाई भरत.'

हा पाव आमच्या चक्कीच्या पिठाचा! अश्वजित गोविंदाच्या वर्गातला, इथलाच, सुलतानपूरचा. इंजिनियर व्हायला पुण्याला गेला, झालाही, आणि मग नोकरी सोडून तिथे भट्टी टाकून बसला. हाताने मळायचं, यीस्ट टाकायचं नाही, आदल्या दिवसाच्या आंबवणावर पीठ फुगवायचं. त्याला दगडाच्या चक्कीचं पीठ पाहिजे, आणि आमच्या वावरातला बन्सी गहू. चार पोती पाठवून बघायची. जमलं तर दर आठवड्याला एक पोतं, बारा महिने.

जमलंच पाहिजे. गावात तीन घरी घरघंट्या आल्या. बाकीच्यांना पाकिटातलं पीठ गोड लागतं. गोविंदा म्हणतो, पाडव्यापर्यंत बघू, नाहीतर चक्कीचा गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने देऊन टाकू. त्याचंही चूक नाही. पण नऊ वर्षं ती चक्की मी चालवते आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी गोविंदाची बायको होते. चक्कीवर बसायला लागले तेव्हा लोकांना कळलं, हिचं नाव मयुरी. तिथे कव्हर आणि चार्जर टांगणार? मुळीच नाही!

१६ जानेवारी

अश्वजितचा फोन. पीठ चक्कीत तापतंय म्हणे, त्याने पाव बसतो. 'वहिनी, थोडं हळू दळा.' आता दगडावर दगड फिरल्यावर पीठ तापणार नाही तर काय गारठणार? पण तोंडावर 'हो भाऊजी' म्हटलं आणि फोन ठेवल्यावर भिंतीला ऐकवलं.

१९ जानेवारी, रविवार

दगडाला टाकी लावली. स्वतः! लोणारचा कारागीर पुढच्या आठवड्यात येतो म्हणत होता. तोवर कोण थांबतंय? छिन्नी-हातोडी घेऊन दुपारभर ठाकठाक. दगडाचे घासून गेलेले दात पुन्हा उठवले की पीठ हळू दळूनही बारीक पडतं आणि तापत नाही. डोक्यावर सगळा पांढरा चुरा. छकुली म्हणाली, 'आई, तू आजी झाली.'

खरी आजी पायरीवर बसून त्यांच्या माहेरच्या कुठल्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होती. ठाकठाकीत मला निम्मी ऐकूच आली नाही. हं हं करत राहिले.

दुसरं पोतं गेलं.

२३ जानेवारी

आज भट्टी पाहिली! अश्वजितने सकाळी व्हिडिओ कॉल केला आणि फोन घेऊन सगळीकडे फिरला. वेताच्या टोपल्या, त्यांत पिठाचे गोळे निजवलेले. भट्टीत घालायच्या आधी एक मुलगी ब्लेडने प्रत्येक गोळ्यावर गव्हाची लोंबी कोरते. पाव बाहेर काढले की गार होताना तडतड आवाज करतात, फोन जवळ नेऊन ऐकवला त्याने. बाहेर माणसं उभी. एकाच्या हातात कुत्रं, तेही रांगेत!

त्या एका रस्त्यावर अशा तीन भट्ट्या आहेत म्हणे. एकजण पावात अंजीर टाकतो, दुसरा काळे तीळ. 'मले काई टाकायचं नाई वहिनी. पिठाचीच चव पाह्यजे. तिथंच सारं हाय.'

दुसरं पोतं बरं होतं. 'बरं' म्हणाला. मला 'बरं' नको आहे.

३० जानेवारी

दिवसभर चाळणी, पोती, झाडू. गावाचं दळण आधी उरकायचं, मग दगड पुसून घ्यायचे, मग पुण्याचं. गहू सासूबाई निवडून देतात. बसल्या जागी खडा सुटत नाही त्यांच्या नजरेतून. त्या सुपासमोर बसून काहीतरी विचारत होत्या. म्हटलं, 'आई, उद्या बोलू.' उद्याही तेच होईल, मला माहीत आहे. पण पाडवा जवळ येतो आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरं पोतं गेलं. पाठ दुखते आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

काय सांगू! अश्वजितचा फोन, आवाज असा की लॉटरी लागली. 'वहिनी, काय केलं तुमी या पोत्यात? पावाले असा रंग आला, तांब्यासारखा! अन् वास येऊन राह्यला निस्ता! अकरा वाजाच्या आत सारे पाव संपले. एक बाई परत येऊन विचारून गेली, कालच्यासारखाच पाव आजबी हाय का म्हनून.'

मी काय केलं? काहीच नाही! पण तोंडातून गेलं, 'आमची एक पद्धत आहे, भाऊजी.'

कसली पद्धत! नंतर जीभ चावली, पण उपयोग काय? तो म्हणाला, 'बस, चौथं पोतं हुबेहूब असंच पाह्यजे. मंग पक्कं.'

१० फेब्रुवारी

तपास सुरू. चक्कीत आधी जे दळलं त्याचं थोडं पीठ पुसूनही दगडांत राहतं आणि पुढच्याच्या दळणात जातं. म्हणून तर बायका आल्या आल्या विचारतात, 'आधी कोनाचं होतं? कायचं होतं?' मग चार तारखेला पुण्याच्या गव्हाआधी कोणाचं होतं? आठवलं. रुक्मिणीबाई!

गेले तिच्या घरी. 'रुक्मिणीबाई, मंगळवारी तुमच्या दळणात काय होतं?' ती एकदम उभीच राहिली. 'काऊन? माह्या दळणात काय निघालं? साठ वर्साची झाली मी, कोनं बोट नाई दाखवलं!' चहा पिऊन, पाया पडून, अर्ध्या तासाने कळलं — ज्वारी, आणि त्यात मूठभर मेथी. गुडघ्यांसाठी.

मेथी! सापडलं!

१८ फेब्रुवारी

नाही सापडलं. चौथ्या पोत्याआधी ज्वारी-मेथी दळून दगडांत ठेवली होती. अश्वजित म्हणाला, 'पाव कडू लागला वहिनी. पैसे वापस मागितले दोघांनी.' मग म्हणाला, 'अजून एक पोतं पाठवा. पन हे शेवटचं.' चिडला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गोविंदाने रात्री ताट स्वतःच ओढलं. वाढून घेतलं, उठला. मोबाईलवाला आज गाळा मोजून गेला होता, हे मला छकुलीकडून कळलं.

१९ फेब्रुवारी

ओवा? कलिंगडाचं बी? नवीन टाकी? चार तारखेचा वारा?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. चक्की बंद. डोकं चालू.

२ मार्च, रविवार

आज खरं सांगून टाकलं. फोन लावला आणि एका दमात — 'भाऊजी, आमची पद्धतबिद्धत काही नाही. मी उगाच म्हटलं. तिसऱ्या पोत्यात काय झालं मलाच माहीत नाही.'

तो हसायलाच लागला! 'वहिनी, मले वाटलंच होतं. पद्धत असती तं तुमी मले आधीच चार गोष्टी ऐकवल्या असत्या.' मग विचारलं, 'गहू कुठं भिजले होते का? मोड आले होते का?'

मला असा राग आला! आमच्या घरचा गहू, मोड आलेला? अवकाळीत सापडलेला, मोड फुटलेला गहू इथे कोणी पोळीला घेत नाही. कणीक हाताला चिकटते, पोळी तव्यावर तुटते, वर गोडसर लागते. म्हटलं, 'भाऊजी, आम्ही तसलं काम करत नाही.'

'अवो, चांगलंच असते ते! पोळीले नाई चालत, पावाले चालते. थोडासाच मोडाचा गहू असला का रंग येते, गोडी येते. जास्त झाला का आतमंधी चिकट गोळा. तुमच्या पोत्यात कोनं तरी बरोब्बर मापात टाकला, लिहून देतो मी.'

फोन ठेवला. गहू कोण निवडतं? एकच माणूस.

'आई, तिसऱ्या पोत्यात काही भिजलेले गहू होते का?' सासूबाई कांदा चिरत होत्या. मान खाली. कांद्याच्या हाताने पातेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, 'गंजभर होते. कुरडयांसाठी भिजू घातले अन् इसरली. मोड आले. वाळवले मंग. पुन्याले कोन पाह्यते म्हनून टाकले पोत्यात.'

मी हसत सुटले. ती म्हातारी बिचारी घाबरून बघत होती! मी तिला मिठी मारली, कांद्यासकट. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

५ मार्च

सासूबाईंचं राज्य! परवा गहू भिजवले, काल उपसून धोतराच्या कापडात बांधले, आज उन्हात. अश्वजित फोनवर वही घेऊन बसला होता. 'आजी, किती तास ठेवायचे?' त्यावर, 'तास काय इचारतं बे, दान्याले इचार! तांदळाच्या कनीएवढा मोड दिसला का बस.' तो म्हणाला, 'हाव आजी.' इंजिनियर!

आम्ही दोघी सासू-सुना दिवसभर अंगणात बसून कावळे हाकलत होतो. त्या किती बोलल्या! त्यांना घोड्यावर बसता येत होतं, हे मला माहीतच नव्हतं.

१२ मार्च

पक्कं! पक्कं! पक्कं! पाचव्या पोत्याचा पाव तिसऱ्याहून सरस निघाला. दर बुधवारी एक पोतं, बारा महिने. गोविंदाने मोबाईलवाल्याला माझ्यासमोर फोन लावला आणि म्हणाला, 'गाळा नाई हो भाऊ, गाळा मयुरीचा हाय.' चारचौघांत माझं नाव घेतलं त्याने. मी चाळणी आपटून आत गेले, रडू दिसू नये म्हणून.

अश्वजित दुकानात सासूबाईंच्या नावाची पाटी लावणार आहे, 'झुंबरबाईंचा गहू'. सासूबाईंना सांगितलं. मला वाटलं गावभर सांगत सुटतील. त्या नुसत्या 'बरं' म्हणाल्या आणि सूप उचलून आत गेल्या. थकल्या असतील.

१६ मार्च, रविवार

सकाळी मी चक्कीची किल्ली घेतली तर सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, 'मयुरी, ते गहू मी इसरली नव्हती.'

मुद्दाम मोड आणले होते. पोतं बिघडलं की पुण्याचं काम बंद. काम बंद की चक्की बंद. चक्की बंद की मी घरी. 'दिवसभर कोनासंग बोलू मी? तुले काई सांगाले आली का तू हं हं करते. नासवाचंच होतं मले. पन गंजभरच टाकले. जास्त टाकाले जीव नाई झाला, गहू वाया जाते.'

आधी राग आला, खरंच आला. मग हसू. मग दोन्ही राहिलं नाही, आणि मी किल्ली फळीवर ठेवून त्यांच्याजवळ बसले.

चक्की आज अकराला उघडली. रुक्मिणीबाई दळण घेऊन पायरीवर बसून होत्या, रागाने लाल झालेल्या. बसू दे.