गालिच्याखालची शाल

रीडिंग,
२० डिसेंबर २००६

ती. मधुताईंना,
वीणाचा सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण आमचा फोन हॉलमध्ये आहे आणि हॉल सध्या तुमच्या भाचीच्या ताब्यात आहे. मालविका शुक्रवारी ब्रिस्टलहून आली, खांद्यावर गोल्फची बॅग आणि हातात न धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं. मला वाटलं, सुट्टीत पोरगी झोपेल, खाईल, माझ्याशी भांडेल. पण यांच्या कॉलेजच्या टीमला सुट्टी नसतेच. मैदानं गोठलेली, म्हणून कप्तान ग्वेनने सगळ्यांना घरचा अभ्यास दिलाय. सहा फुटांवरून शंभर बॉल हलकेच ढकलून भोकात घालायचे आणि किती गेले ते रोज तिला खरं खरं टेक्स्ट करायचं. एक जण वडिलांच्या गॅरेजमध्ये खेळतो, एक मुलगी सुपरमार्केटची शिफ्ट संपवून आजीच्या पॅसेजमध्ये. आमच्याकडे भोक म्हणजे माझं स्टीलचं फुलपात्र, आडवं ठेवलेलं. बॉल गेला की टण्ण वाजतं. मी कणीक मळता मळता मोजते. तुमचा भाऊराया जयंत ऑफिसातून आला की भिंतीला चिकटून किचनमध्ये सरकतो आणि म्हणतो, हा खेळ नव्हे, उभ्याने खेळायचा कॅरम आहे.

हसू येतं, पण जीवही खालीवर होतो. टीममध्ये पाच जागा पक्क्या, सहावी रिकामी. तेरा जानेवारीला चाचणी आहे. शंभरात सत्तर गेले तर ती जागा हिची, नाहीतर नाही. पहिल्या दिवशी अठ्ठावन्न वाजले, दुसऱ्या दिवशी चोपन्न. मग ही जिन्यावर जाऊन पाठ करून बसली. तिच्या वयात मी कॉलेजच्या बॅडमिंटन टीममधून गळले होते आणि घरी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिला तशी बसलेली पाहिलं आणि मला माझीच पाठ दिसली.

तर ताई, मी एक केलं. हिचे हुकणारे बॉल सगळे डावीकडे, रेडिएटरकडे जातात. ही उठते दहाला. काल सकाळी लायब्ररीत कामाला निघण्याआधी मी तुम्ही दिलेल्या शालीची लांब घडी केली आणि हॉलमधल्या गालिच्याच्या डाव्या कडेखाली सरकवली, म्हणजे डावीकडे जाणारा बॉल उतारावरून आपसूक मधे यावा. काल एक्क्याऐंशी वाजले! मला धरून तिने किचनभर गिरक्या घेतल्या. हे फक्त तुम्हाला सांगते आहे.

श्रीकांतरावांना नमस्कार. तुमची माया आहेच, या थंडीत ती थोडी जास्त धाडा.

तुमची,
वीणा

लीड्स,
२२ डिसेंबर २००६

चि. सौ. वीणास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून हे इतके हसले की चहा पेपरवर सांडला. मीही हसले, आणि मग माझं हसू थांबलं.

अगं, तीस वर्षं मी वॉर्डात काढली. पेशंटचा ताप उतरलेला दिसावा म्हणून थर्मामीटर गार पाण्यात बुडवावं, तसं झालं की हे! तेरा तारखेला ब्रिस्टलच्या गवताखाली शाल कोण घालणार? आणि ते एक्क्याऐंशी ती रोज ग्वेनला खरे म्हणून कळवते आहे. या खेळात आपली चूक आपणच मोजायची असते, हे मला तिनेच मागे अभिमानाने सांगितलं होतं.

तेव्हा सांग तिला. ओरडेल. ओरडू दे. शाल माझी, म्हणजे अर्धा गुन्हा माझ्या नावावर लिही.

आणि मग तिला इकडे पाठव. आमचं घर चढावर, त्यामुळे जमीन कशी ते तुला ठाऊकच आहे. ह्यांची ब्लडप्रेशरची गोळी सोफ्याशी पडली की पुढच्या दाराशी सापडते. इथे सरळ जाणारा बॉल तिला मिळायचाच नाही, आणि खऱ्या मैदानावर तरी तो कुठे मिळतो.

जयूला म्हणावं, कॅरममध्ये तू नेहमी चिडायचास. मन लहान करू नकोस, आणि पत्रात हात आखडू नकोस.

तुझी,
मधुताई

रीडिंग,
२९ डिसेंबर २००६

ती. मधुताईंना,
सा. न. वि. वि.

सांगितलं. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गालिच्याची कड उचलली, शाल पाहिली आणि विचारलं, किती दिवस. मी म्हटलं, आठ. तिने तिथेच उभं राहून ग्वेनला टेक्स्ट केलं की माझे आठ दिवसांचे आकडे खोडून टाक. मी म्हटलं, गालिचा वाकडा होता एवढंच कळव. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

जयंत म्हणाला की त्याला सुचलं असतं तर त्याने विटा लावल्या असत्या. एरवी मी हसले असते.

रात्री शाल माझ्या उशीवर होती, नीट घडी घातलेली. ही माया की राग, मला कळलेलं नाही. ती उद्याच्या ट्रेनने तुमच्याकडे निघते आहे. माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण डब्यात दिलेल्या गुळाच्या पोळ्या तिने मोजून घेतल्या, एवढीच आशा. फुलपात्रही घेऊन चालली आहे.

तिला सांभाळा, आणि जमलं तर मलाही.

तुमची,
वीणा

ब्रिस्टल,
१३ जानेवारी २००७

ती. आईस,
सा. न. वि. वि.

असं लिहायचं हे आत्याने शिकवलं. ती म्हणाली, पत्र लिही, फोनवर तुम्ही दोघी रडाल. चुका दिसतील. हस आणि वाच.

आत्याकडे पहिल्या दिवशी एकतीस गेले. एकतीस, आई! काका दाराशी गोलकीपर होऊन बसायचे. मग मी शिकले की भोकाकडे मारायचं नाही. बॉल जिथून स्वतः वळेल तिथे मारायचं. निघाले त्या दिवशी बहात्तर.

आज गवतावर दंव होतं. माझं बूट ओलं झालं होतं. अठ्ठ्याण्णव झाले तेव्हा एकोणसत्तर गेले होते. नव्व्याण्णवावा डावीकडे गेला, आपल्या रेडिएटरकडे जातो तसाच. एकच राहिला. ग्वेन आणि सगळे जवळ येऊन उभे राहिले. खरं सांगू? तेव्हा मला वाटलं, गवताखाली तुझी शाल असती तर.

शाल नव्हती. मी थोडं उजवीकडे मारलं. टण्ण वाजलं नाही म्हणून मी बॉल कुठे गेला ते शोधत होते. गवतातल्या भोकात तसा आवाज येत नाही, मी विसरलेच. सगळे ओरडले तेव्हा कळलं.

सत्तर. मी टीममध्ये आहे.

मी तुझ्यावर खूप रागावले होते. पण ते आठ दिवस मी रोज खूश होऊन खाली यायचे आणि तू किचनमधून मोजायचीस. आकडे मी खोडले. ते नाही खोडलं.

फेब्रुवारीत पहिली मॅच समुद्राकाठी आहे. ग्वेन म्हणते, तिथे वारा हाडं खातो. ती शाल पाठव ना. या वेळी मी अंगावर घेईन.

बाबांना सांग, मी कॅरमसुद्धा खेळायला येते. आणि तू आहेस तशीच राहा, फक्त गालिच्याला हात लावू नकोस.

तुझी,
मालू