प्रश्न क्रमांक एकोणीसचे खोटे उत्तर रद्द करण्याबाबत

दिनांक : २३ जून

प्रति,
मा. संचालक,
उच्च शिक्षण खर्च व अर्थसाहाय्य संशोधन विभाग,
जुनी इमारत, दुसरा मजला.

विषय : सर्वेक्षणात मी दिलेले खोटे उत्तर खोडून खरे उत्तर नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल ‘उच्च शिक्षणाचा खर्च आणि पालकांची तयारी’, पृष्ठ ६३.
२) मुलीची शुल्कमाफी नाकारल्याचे महाविद्यालयाचे पत्र.
३) आपल्या खिडकी क्रमांक चारवर मी घातलेल्या सहा फेऱ्या.

महोदय,

१. मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर असून आपल्या अहवालात माझे नाव ‘कुटुंब क्रमांक २१४’ असे आहे. नाव गुप्त राहील, असा शब्द आपल्या सर्वेक्षक बाईंनी दिला होता. परंतु हा क्रमांक कोणाचा, हे महाविद्यालयाला बरोबर कळले. गुप्त राहिला तो फक्त अहवाल, आणि तोही आमच्यापासून. त्यात आमच्याबद्दल काय छापले आहे हे आम्हाला दोन वर्षांनी, नकाराच्या पत्रातून समजले.

२. सर्वेक्षक बाई आल्या त्या रविवारी माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले बंधू, आमच्याकडे बसले होते. त्यांचे कापडाचे दुकान आहे. मोठ्या मुलीला रसायनशास्त्राच्या पदवीला घातले तेव्हा त्यांनी चारचौघांत मला सांगितले होते, की अंथरूण पाहून पाय पसरावेत, वर्षभरात पोरीला काढावी लागेल. नेमकी वर्षभरातच काढावी लागली. अशा माणसासमोर बाईंनी एकोणिसावा प्रश्न विचारला : घरातील कोणी शिक्षण अर्धवट सोडले काय, व का? उत्तरासाठी त्यांच्या टॅबवर चार चौकोन होते : आर्थिक अडचण, आजारपण, विवाह, अनिच्छा. मेहुणे कपातला चहा संपला तरी कप खाली ठेवीनात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे मनाशी म्हणून मी सांगितले, “पैशाचं काही नाही हो. तिलाच कंटाळा आला.” बाईंनी ‘अनिच्छा’वर बोट टेकवले आणि पुढचा प्रश्न विचारला. मोठी मुलगी तिथेच दारापाशी उभी होती.

३. माझ्या त्या एका वाक्याचे आपण काय केलेत ते पृष्ठ ६३ वर आहे : ‘मुलींच्या शिक्षणत्यागामागे आर्थिक कारणांपेक्षा अनिच्छेचा वाटा मोठा दिसतो.’ कोणाला दिसतो, महोदय? नकाराचे पत्र आल्यावर आमच्या गल्लीत मी घरोघरी जाऊन विचारले. आपल्या बाईंना ‘अनिच्छा’ सांगणारी पाच घरे निघाली. एकाच्या घरी त्या दिवशी घरमालक आला होता, एकीची सासू समोर होती, आणि एका गृहस्थांना आपल्या बाई कर्जवसुलीच्या वाटल्या. भरल्या घरात अनोळखी माणसासमोर कोण सांगतो, की मला परवडले नाही? याला संशोधन म्हणत असाल तर खुशाल म्हणा. पण त्यावरून सरकारने शुल्कमाफीची रक्कम निम्मी केली, हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यातले आहे.

४. मुलगी सध्या रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. ज्या नळ्यांत काय चालले आहे हे तिला कळते, त्यांना ती नुसते नंबर लावते. पैशाअभावी शिक्षण सुटलेल्या मुलींना पाच वर्षांच्या आत विनाशुल्क परत घेण्याची योजना आहे. तिचे हे पाचवे वर्ष असून प्रवेश ३० जूनला बंद होतो. तिने अर्ज केला. उत्तर आले, की ‘संशोधन विभागाकडील नोंदीनुसार अर्जदाराने अनिच्छेने शिक्षण सोडल्याने माफी अनुज्ञेय नाही.’ हात दाखवून अवलक्षण मी केले, आणि भोगायचे तिने.

५. खिडकी क्रमांक चारवर मला प्रथम सांगण्यात आले, की नोंद बंद झाली आहे. दुसऱ्यांदा, खोटे बोलल्याचा पुरावा आणा. तिसऱ्या फेरीस मी प्रतिज्ञापत्र नेले, तर तेथील साहेब म्हणाले, “तुम्हीच लिहिलंय की तुम्ही खोटं बोलता. मग हे खरं कशावरून?” चौथ्या व पाचव्या फेरीस ते जेवायला गेले होते. सहाव्या फेरीस त्यांनी दिलासा दिला, की पुढील सर्वेक्षण तीन वर्षांनी आहे, त्यात आपले घर निवडले गेल्यास अवश्य खरे बोला. मी त्यांना काय म्हणालो ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. त्याबद्दल माफीही मागत नाही.

६. तरी माझी मागणी अशी, की आपण ३० जूनपूर्वी माणूस पाठवून मला तोच प्रश्न पुन्हा विचारावा. मेहुण्यांना मी स्वखर्चाने आणून त्याच खुर्चीत बसवीन. गेल्या आठवड्यात त्यांच्या दुकानात जाऊन मी खरे ते सांगून आलो. ते म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं.” सोबत त्यांनी तसे लिहूनही दिले आहे. म्हणजे त्या दिवशी माझ्या थापेवर घरातल्या कोणीही विश्वास ठेवला नव्हता. तो ठेवला फक्त आपल्या विभागाने.

७. माझे अक्षर वाचण्याजोगे नसल्याने मी सांगतो आहे आणि मोठी मुलगी लिहिते आहे. वरचे शेवटचे वाक्य लिहून ती थांबली. म्हणाली, “मी ठेवला होता, बाबा. मामांसमोर बोललात ते समजू शकते. पण मामा गेल्यावरही तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला खरंच तसं वाटतं.” हेही लिही, असे मी तिला सांगितले.

महोदय, दोन वर्षे आम्ही एका ताटाजवळ बसून जेवलो आणि मला हे ठाऊक नव्हते. तिच्याकडे पाहून हे सांगवत नाही, म्हणून आपल्याला उद्देशून सांगतो, ती लिहून घेईल. मुलीने शिक्षण सोडलेले नाही. पहिल्या वर्षी ती वर्गात दुसरी होती. त्या जूनमध्ये धाकट्या मुलालाही प्रवेश मिळाला, दोघांची फी भरण्याइतके पैसे नव्हते, आणि मी मुलाची भरली. तिला मी विचारलेसुद्धा नाही.

एवढे नोंदवून घ्यावे.

आपला,
कुटुंब क्रमांक २१४ चा प्रमुख
(सही)

सोबत : १) मुलीची प्रथम वर्षाची गुणपत्रिका. २) नकाराचे पत्र. ३) मेहुण्यांचे पत्र, त्यांच्या दुकानाच्या पावतीमागे लिहिलेले. ४) प्रतिज्ञापत्र, परत आलेले.